चर्चा: चम आणि सीकेएलडब्ल्यूचा सुवर्णकाळ डीजेंचा होता की यंत्रणेचा?

नदीकाठ (धागाकर्ता)

स्वरगंध यांच्या '१०५० चमचा सुवर्णकाळ' या लेखाला उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात: टोरांटोचं चम आणि विंडसरचं सीकेएलडब्ल्यू ही कॅनडातली रेडिओ केंद्रं डीजेंच्या प्रतिभेवर मोठी झाली. १९७१ च्या तीस टक्के कॅनेडियन संगीताच्या सक्तीने ती बुडाली. आणि तेव्हाच्या प्रसारणाच्या जुन्या कॅसेटी ऐकल्या की गाणीसुद्धा मुद्दाम मूळ वेगापेक्षा जोरात पळवलेली कळतात, तो जोश आता उरला नाही. तिन्ही विधानं मला साफ नामंजूर आहेत.

आधी डीजे. चमने २७ मे १९५७ ला टॉप फॉर्टी, म्हणजे लोकप्रिय चाळीस गाणीच आलटून पालटून लावणं, सुरू केलं. सकाळच्या वेळेला आधी अ‍ॅल बोलिस्का आणि १९६३ पासून 'जंगल' जे नेल्सन. माणसं गुणीच होती. पण सीकेएलडब्ल्यू १९६७ मध्ये 'बिग एट' झालं ते अमेरिकन रेडिओ सल्लागार बिल ड्रेकच्या आखणीवर, आणि ती आखणी डीजेला कमी बोलायला लावणारी होती. गाण्याच्या इंट्रोवर सात-आठ सेकंद बोलायचं, गायकाचा आवाज लागायच्या आत थांबायचं, लगेच पुढचं गाणं. जिंगल वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांची. बातम्या तासाच्या ठोक्याला नाहीत. वीस मिनिटं झाल्यावर एकदा आणि तास संपायला वीस मिनिटं उरल्यावर एकदा. बाकीची केंद्रं तासाला बातम्या लावायची तेव्हा इथे गाणं चालू असे आणि श्रोता सुई फिरवत फिरवत इकडेच येई.

गाणी निवडायचं कोण? रोझली ट्रॉम्ब्ली. केंद्रात टेलिफोन सांभाळण्यापासून सुरुवात केलेली ही बाई १९६८ पासून संगीत विभागाची प्रमुख होती. एल्टन जॉनचं 'बेनी अँड द जेट्स' डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांत चालतंय हे ओळखून त्यांनी ते लावून धरलं आणि अमेरिकेत ते एकेरी तबकडी म्हणून निघालं. यात डीजेचा काय हात होता? त्यात ८०० किलोहर्ट्झवर ५०,००० वॅट: नदीपलीकडे डेट्रॉइट, एरी सरोवरापलीकडे टोलेडो आणि क्लीव्हलंड. एवढ्या ताकदीच्या लहरीवर साधारण डीजेही मोठाच वाटणार.

आणि पळवलेल्या गाण्यांचा 'पुरावा' म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट. तो पुरावा कॅसेट रेकॉर्डरचा आहे, केंद्राचा नाही.

---

स्वरगंध

लेख माझाच. नदीकाठ साहेब, आठ सेकंदांत बोलणं तुम्हाला सोपं वाटतंय, म्हणून त्यात काय काय करावं लागे ते लिहितो.

पंचेचाळीसची (मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची) तबकडी फेल्टच्या चकतीवर ठेवायची, हाताने फिरवून पहिला सूर शोधायचा आणि तिथून पाव फेरा मागे घ्यायचा. कमी मागे घेतली तर सुरुवातीचा सूर घसरत चढतो, जास्त घेतली तर हवेवर शांतता पसरते. एकच तबकडी दिवसात अनेकदा अशी मागेपुढे झाली की सुरुवातीची दोन-तीन सेकंदं खरवडली जातात आणि तिथे कायमची खरखर बसते. म्हणून गाणी पुढे कार्टवर, म्हणजे फितीच्या डबीवर, घेऊ लागले. सेकंदाला साडेसात इंच वेगाची, टोकाला टोक जोडलेली फीत, आणि थांबण्यासाठी दुसऱ्या ट्रॅकवर १००० हर्ट्झची खूण. कार्टही घात करते. वाजून झाल्यावर फीत फिरून खुणेपर्यंत येऊ द्यावी लागते. घाईत आधीच काढली तर पुढच्या वेळी गाणं मधूनच सुरू होतं.

हे सगळं दोन हातांनी, त्याच वेळी एक कान बातम्यांच्या खोलीकडे, आणि कार्टवरच्या चिठ्ठीत लिहिलंय इंट्रो ११ सेकंद, शेवट विरत जाणारा. अकराव्या सेकंदाला वाक्य पूर्ण झालंच पाहिजे. आता संगणकावर आधीच आवाज भरून ठेवतात, चुकलं तर पुन्हा भरतात. यंत्रणा तीच असेल तर मग सगळ्याच केंद्रांवरचे सगळेच डीजे सारखे का वाटत नव्हते?

गाणी पळवण्याबद्दल: त्या काळच्या टॉप फॉर्टी केंद्रांतली ही माहीत असलेली पद्धत आहे. टर्नटेबलची मोटर ६० हर्ट्झच्या विजेवर बांधलेली, व्होल्टेज बदलून वेग बदलत नाही. म्हणून मोटरच्या दांड्याच्या पंचेचाळीसच्या पायरीवर फीत जोडायच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा. दांडा ५ मिलिमीटरचा आणि पट्टी ०.०५ मिलिमीटर जाड असेल तर वेग दोन टक्के वाढतो. तीन मिनिटांचं गाणं साडेतीन सेकंद आधी संपतं. तासाला पंधरा गाणी धरा, जवळजवळ एक जाहिरात जास्त बसते. शेजारच्या केंद्रावर तेच गाणं मग मरगळलेलं वाटतं.

---

केतकी_म

दोघेही डीजेवरच अडलात. मूळ प्रश्न केंद्रं का बुडाली हा आहे आणि लेखातलं उत्तर चुकीचं आहे.

तीस टक्के लागू झाले १८ जानेवारी १९७१ ला, एएमवर, सकाळी सहा ते मध्यरात्र. चमवर टॉप फॉर्टी त्यानंतर १९८६ पर्यंत चाललं. प्रतिस्पर्धी सीएफटीआर ६८० तर १९९३ पर्यंत गाणी वाजवत होतं, मग बातम्यांकडे वळलं. पंधरा-बावीस वर्षांनी मारणारं विष कुठलं?

केंद्रं एफएमने मारली. कॅनडात मात्र ती उशिरा मेली, कारण सीआरटीसी या कॅनडाच्या प्रसारण नियामकाच्या १९७५ च्या एफएम धोरणाने एफएमवर हिट गाण्यांच्या प्रमाणाला मर्यादा घातली होती. म्हणजे नियमांनीच टोरांटोच्या एएमला दहा वर्षं जास्त जगवलं. सीकेएलडब्ल्यूचं उलट झालं. त्याचा श्रोता डेट्रॉइटचा. तिथल्या अमेरिकन एफएमवर असली मर्यादा नाही, आवाज स्वच्छ आणि स्टीरिओ. विंडसरवाल्यांना त्याच हत्याराने लढता आलं नाही. १९८५ उजाडताना तिथे जुन्या लोकांसाठीची गाणी लागली.

---

स्वरगंध

केतकीताई, एफएमचा मुद्दा घेतो. पण सीमेवरच्या केंद्राला तीस टक्के किती जड गेले हे तुम्ही सोयीने वगळलंत. डेट्रॉइटच्या केंद्रांना शंभरपैकी शंभर गाणी मोकळी, ट्रॉम्ब्लींना सत्तर. द गेस हू हा कॅनेडियन बँड १९७० मध्येच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, सक्तीच्या आधी. चांगलं गाणं आपोआप वर येतं.

---

केतकी_म

एक बँड वर आला म्हणजे व्यवस्था ठीक होती? १९६९ मध्ये मोठ्या केंद्रांनी मिळून 'मेपल लीफ सिस्टम' काढलीच होती, आपखुशीने कॅनेडियन गाणी निवडून वाजवण्यासाठी. सक्ती टळावी म्हणूनच. नाही जमलं. पियेर जूनो तेव्हा सीआरटीसीचे अध्यक्ष होते, त्यांनी नियम आणला. आणि नियम तरी कसा? संगीत, कलाकार, निर्मिती, शब्द या चारांत दोन कॅनेडियन असले की झालं. तेवढंही टाळायला काही केंद्रं कॅनेडियन गाणी कमी ऐकल्या जाणाऱ्या वेळांत कोंबायची. श्रोते त्याला 'बीव्हर अवर' म्हणत. दोष नियमाचा की पळवाट काढणाऱ्यांचा?

---

यमनकल्याण

सरकारने गाणी ठरवली की श्रोता निघून जातो, हे आपल्याला कॅनडाकडून शिकायची गरज नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवलं आणि सगळा देश रेडिओ सिलोनला गेला. १९५७ ला विविध भारती काढावी लागली. आणि आकाशवाणीने १९४० मध्येच हार्मोनियमवर घातलेली बंदी कोणाला आठवते का? त्यावर कोणी लिहीतच नाही.

---

केतकी_म

केसकरांनी काढून टाकलं, जूनोंनी भर घालायला लावली. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. हार्मोनियमसाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

---

सुईटाचणी

गाणी पळवली होती की नव्हती हे मोजता येतं, मग भांडताय कशाला?

कॅसेटमध्ये मुद्रणाच्या वेळचा विजेचा गुणगुणाट उतरलेला असतो. उत्तर अमेरिकेत तो ६० हर्ट्झ. तो नेमका ६० वर येईपर्यंत वेग बदला, म्हणजे फीत तेव्हाच्या वेगाला आली. मग गाणं मूळ तबकडीशी ताडून पाहा. तरीही चढं असेल तर केंद्राने पळवलं. स्वरगंध यांनी गाण्याला गाणं लावून पाहिलंय, त्यातून फक्त फरक आहे एवढंच कळतं, कोणाचा ते कळत नाही. साध्या रेकॉर्डरमध्ये दोन-तीन टक्के फरक सहज असतो, म्हणजे जवळपास पाव स्वर.

६० वर बघू नका. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या फाइलवर ६५,५३६ बिंदूंचं कंप्रता-विश्लेषण केलं तर एक घर (मोजपट्टीचा लहानात लहान टप्पा) ०.६७ हर्ट्झचं, ६० वर ती चूक एक टक्क्याहून जास्त. पाचवा गुणक (६० ची पाचपट) ३०० हर्ट्झ बघा, चूक पाव टक्क्याच्या आत.

---

भाऊ_मिसिसागा

सुईटाचणी, ३०० सांगून तुम्ही इथल्या निम्म्या लोकांना खड्ड्यात घालताय. स्वरगंध पुण्यात बसून कॅसेटी उतरवतात. तिथल्या डेकचा स्वतःचा गुणगुणाट ५० हर्ट्झचा, त्याचा सहावा गुणक बरोबर ३००! वाजवणाऱ्या यंत्राची रेघ नेमकी ३०० वर ठाम बसलेली दिसणार आणि हे म्हणणार कॅसेट अचूक आहे, केंद्रानेच गाणी पळवली. १८० किंवा ४२० घ्या, तिथे पन्नासचा गुणक येत नाही. उलट भारतात उतरवण्याचा फायदाच आहे. इथे मिसिसागात दोन्ही गुणगुणाट ६० चे, एकमेकांत मिसळतात.

---

सुईटाचणी

मुद्दा बरोबर, पण 'खड्ड्यात घालताय' ही भाषा कशाला? पद्धत तीच आहे, गुणक बदलला. १८० घ्या. आणखी अचूक हवं तर फाइल आधी २००० च्या दराला आणा आणि तेच ६५,५३६ बिंदू घ्या. घर ०.०३ हर्ट्झचं होतं.

---

भाऊ_मिसिसागा

भाषा अशी, कारण लोक असल्या सल्ल्यावर संग्रह कायमचे बिघडवतात. तुमच्या दुसऱ्या युक्तीला सलग तेहेतीस सेकंदांचा तुकडा लागतो. जुने एअरचेक, म्हणजे प्रसारणाची मुद्रणं, बहुतेक कातरलेले असतात: मायक्रोफोन उघडला की रेकॉर्डर सुरू, बंद झाला की थांबला. सलग आठ सेकंदं मिळाली तरी पुष्कळ. आणि दर वेळी सुरू होताना मोटरला वेग पकडायला क्षण लागतो. फीत तेव्हा हळू सरकते, म्हणून वाजवताना पहिलं अक्षर चिरकं ऐकू येऊन खाली घसरतं. असे चार तुकडे जोडून मोजलंत तर रेघ पसरणारच.

एकच तुकडा घ्या, पहिलं सेकंद सोडा, साताठ सेकंदं मोजा. घर साधारण ०.१३ ते ०.१४ हर्ट्झचं येतं, १८० वर एक दशांश टक्क्याच्या आत. पुरे आहे. १८० च्या जागी १८४.५ दिसलं तर फीत अडीच टक्के जोरात आहे, वेग ०.९७५६ ने गुणा. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारी आज्ञा वापरा, नुसती पट्टी बदलणारी नको. आणि खरखर काढायचं काम वेग मोजल्यानंतर. आधी केलंत तर ज्यावर मोजायचं तो गुणगुणाटच पुसला जातो.

---

नदीकाठ

कातरलेल्या फितीचा मुद्दा माझ्या मूळ म्हणण्याला आधार देतो. गाणी कापलेली, तीन तासांचा कार्यक्रम दहा-बारा मिनिटांत. डीजे अखंड पेटलेला वाटणारच. आणि पूर्ण मुद्रणं मिळत नाहीत, कारण केंद्रांना सगळं प्रसारण चार आठवडेच जपायची सक्ती होती. तेही अतिशय मंद वेगाच्या फितीवर, आणि मग त्याच फितीवर पुढचं.

---

स्वरगंध

कातरलेली फीत फसवते हे ठीक. पण कातरून उरतं ते डीजेचंच काम, आणि ते तपासायला तीच फीत चांगली. डीजे डेव्हिड मार्सडेन घ्या. डेव्ह मिकी नावाने साठच्या दशकात तो इतक्या सुसाट बोलायचा की माध्यमांचा अभ्यासक मार्शल मॅक्लुहानने त्याची बडबड उतरवून छापली. तोच माणूस पुढे सीएफएनवाय या केंद्रावर शांत बोलून हवी ती गाणी लावायचा. यंत्रणा बदलली, माणूस दोन्हीकडे उठून दिसला. याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

---

नदीकाठ

मार्सडेन मान्य. एका मार्सडेनवरून सगळा सुवर्णकाळ डीजेंचा ठरत नाही. तुम्ही सीकेएलडब्ल्यूच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलचं काय, मोजली का?

---

स्वरगंध

आज १८० वर मोजलं. आठ सेकंदांचे तीन वेगवेगळे तुकडे घेतले. तिन्हींत १८२.७ च्या आसपास, म्हणजे फीत दीड टक्का जोरात. ती दुरुस्त करूनही गाणं तबकडीपेक्षा सुमारे दोन टक्के चढंच आहे.

---

भाऊ_मिसिसागा

तबकडीची कुठली प्रत? नंतरच्या सीडीवरची गाणी नव्याने उतरवताना कधीकधी वेग बदललेली असतात. पंचेचाळीसच्याच तबकडीशी ताडा, आणि ती ज्या टर्नटेबलवर उतरवली त्याचाही वेग तपासा. पुण्यात असाल तर वेग तपासायची ५० हर्ट्झची स्ट्रोब चकती लागेल, ६० ची चालणार नाही. मूळ फाइल दाबलेली नको, वेव्ह स्वरूपातच द्या.

---

स्वरगंध

सीडीशीच ताडलं होतं. तबकडी मिळवतो. फाइल रात्री चढवतो.