डेंपस्टरवर दिवसाला किती किलोमीटर?

उनाड_चाक
कॅनडात युकॉनमधला डेंपस्टर हायवे जूनमध्ये केला. चार आठवडे गाडी आणि तंबू, त्यातला एक दिवस पार वाया घालवला असं माझं मत आहे. टूम्बस्टोनच्या तंबूतळावरून (हायवेच्या सुरुवातीपासून ७१वा किलोमीटर) निघालो, आर्क्टिक वृत्त (४०५) ओलांडलं आणि रॉक रिव्हरला तंबू ठोकला. पावणेचारशे किलोमीटर, सगळी खडी. का, तर सूर्य मावळतच नव्हता! "उजेड आहे, जाऊ की पुढे" हे दिवसभरात सहा वेळा तरी म्हणालो असेन. ओगिल्वी नदीकाठचे करडे, बोडके डोंगर काचेतूनच पाहिले. वृत्ताच्या फलकाशी फोटो, चार मिनिटांत परत गाडीत. पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा, डासांचे थवे, आणि डब्यातली गार घेवड्याची उसळ. इथे दिवसाला दोनशेच्या वर जाऊच नये.

खडीवाला
असहमत. पावसाला तुमचा नियम कोण सांगणार? धूळ बसावी म्हणून त्या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराईड मारतात. कोरडा असला तर घट्ट, भिजला की लोणी. आम्ही एंजिनियर क्रीकला (१९३) "निवांत" मुक्काम केला आणि रात्री पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी चढणीवर गाडी नुसती घसरत होती, मागचे दिवे चिखलात गडप, दर अर्ध्या तासाने उतरून पुसा. कोरडं आहे तोवर सरकून घ्यावं. शिवाय पेट्रोल. हायवेच्या सुरुवातीपासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर पंप नाही.

उनाड_चाक
मुक्कामाला गाडी बंदच असते हो, पेट्रोल कुठे जळतं? पावसाचं मान्य. पण पावसाच्या धाकाने धावत सुटायचं, तर तिथे जायचंच कशाला?

तंबूतली
किलोमीटरवर भांडताय दोघं, घोळ उजेडाचा आहे. एरवी अंधार पडला की माणूस आपसूक थांबतो. तिथे थांबवणारं कुणी नसतं. अंग दमलेलं असतं, डोळ्यांना पत्ता नसतो. माझा टायर संध्याकाळी आठला गेला. त्या खडीत पाटीच्या दगडाचे धारदार कपचे असतात. सकाळी मी ते चुकवत होते, संध्याकाळी बघतसुद्धा नव्हते. टायरच्या बगलेत बोटभर चीर, पंक्चर काढण्यापलीकडची. दोन स्टेपन्या होत्या म्हणून निभावलं. आणि बदलायचा कुठे? खालची कायम गोठलेली जमीन वितळू नये म्हणून रस्ता खडीच्या जाड भरावावर उचललाय, कडेला घ्यायला जागा नाही. अर्धी गाडी रस्त्यातच, आणि ट्रक यायच्या आत उरकायचं.

खडीवाला
हे पटलं. मग संध्याकाळी सहाला थांबा, अंतर कितीही होवो. सकाळी सहाला निघालं तर पावणेचारशे आरामात होतात. उनाड, तुम्ही निघालात किती वाजता?

उनाड_चाक
साडेअकरा. आदल्या रात्री एकपर्यंत वाचत बसलो होतो, बाहेर, बॅटरीशिवाय. बरं, पण सहा ते सहा म्हणजे नोकरीच झाली की!

परतीचा_पाहुणा
एवढं काय त्यात. तिथे जायला-यायला एकच रस्ता. जाताना राहिलं ते येताना बघायचं.

उनाड_चाक
तेच ठरवलं होतं. पील नदीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापासून (५३९) उलटे फिरलो, तर ओगिल्वीच्या कड्यावर असं धुकं की समोरच्या ट्रकची धूळसुद्धा दिसेना. म्हणजे धूळ नव्हतीच, पाऊस होता.

तंबूतली
मग थांबलास ना कुठे?

उनाड_चाक
बघायला काही नव्हतं, म्हणून चालवत राहिलो. थेट टूम्बस्टोन.

खडीवाला
५३९ वजा ७१. दोनशेवाले, ४६८ झाले हे!