लाडू, लिफ्ट आणि बी विंग

बी-३०२ वहिनी, सकाळी ७:५१
कोणाचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आज पुन्हा लिफ्टचं दार उघडल्याबरोबर तो अंगावर आला. स्कूलबसची वेळ, युनिफॉर्मवर चिखलाचे पंजे आणि या वेळी मुलीच्या मनगटावर दाताचा ओरखडा. दिवाळीपासून तिसऱ्यांदा. शेवटी तीन जिने उतरून गेली पोरगी.

ए-१०१ नाना, ७:५४
२०१९ च्या सर्वसाधारण सभेत ठराव झालेला आहे. कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. इतिवृत्त पाहावे.

डी-२०६ ताई, ७:५५
वहिनी, आधी जखम बघा. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि आजच डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

बी-३०२ वहिनी, ७:५६
घाईत नुसतं पाण्याने धुतलं. शाळेत फोन करते.

बी-४०४ लाडूची आई, ८:०९
वहिनी, मनापासून माफी मागते. चूक माझीच. पट्टा हातात होता, पण लांब सोडलेला. त्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस दिली आहे, कार्डाचा फोटो पाठवते, डॉक्टरांना दाखवा. खर्च आमचा.

सी-५०१ दादा, ८:१२
नावच लाडू ठेवलंय, घरंगळणारच 😄

बी-३०२ वहिनी, ८:१३
इथे हसण्यासारखं काही नाही.

सी-५०१ दादा, ८:१४
सॉरी वहिनी 🙏

सी-२०१, ८:२०
या सगळ्यावर उपाय एकच. महिनाभर कुत्र्यांच्या बोर्डिंगला टाका आणि गळ्यात चोक चेन, ओढली की आवळणारी साखळी. आमच्या मेव्हण्यांचा अल्सेशियन आठ दिवसांत सरळ झाला.

बी-४०४ लाडूची आई, ८:३१
चोक चेन नाही घालणार. ट्रेनर लावलाय, गेल्या शनिवारी पहिल्यांदा येऊन गेले. पहिला अर्धा तास त्यांनी लाडूला हातसुद्धा लावला नाही, आम्हालाच विचारत बसले. किती झोपतो? म्हटलं, दहा-अकरा तास. ते म्हणाले, पाच महिन्यांच्या पिल्लाला अठराच्या आसपास लागतात. आमच्याकडे दुपारी मुलांचा दंगा, संध्याकाळी येणारी-जाणारी माणसं. जागरण झालेलं तान्हं बाळ जसं किरकिर करतं, तसं हे चावतं. मी मात्र तो दमावा म्हणून अजून पळवत होते. त्यात दुधाचे दात पडून पक्के येतायत, हिरड्या शिवशिवतात. आता दुपारी दोन तास खोलीचं दार बंद, आणि चावायला ओला फडका फ्रीजरमध्ये गोठवून देतो.

ए-४०३, ८:३३
किती घेतात?

बी-४०४ लाडूची आई, ८:३३
पर्सनलवर सांगते.

डी-२०६ ताई, ८:४०
@सी-२०१ साखळीने कुत्रा गप्प होतो, शिकत नाही. गळा आवळला की समोर जो माणूस असेल त्याचीच त्याला भीती बसते. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय, बक्षीस देऊनच शिकवा.

सी-२०१, ८:४२
अमेरिकेतलं अमेरिकेत. आधी तुम्ही पार्किंगमध्ये भटक्यांना भात टाकता ते बघा. माझ्या गाडीवर रोज पंजे असतात.

डी-२०६ ताई, ८:४३
तुमची गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये का असते, यावरही एकदा बोलू.

ए-१०१ नाना, ८:४५
२०१९ चा ठराव. लिफ्ट. पुन्हा एकदा विनंती.

सेक्रेटरी, ८:५८
कृपया विषय भरकटवू नये. नाना, तो ठराव लावता येत नाही. केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानेही पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. मात्र पट्टा आखूड ठेवणं आणि घाण उचलणं ही मालकाची जबाबदारी. महापालिकेचा परवाना काढला असेल तर प्रत ऑफिसात द्यावी.

बी-४०४ लाडूची आई, ९:०४
परवान्याची प्रत आज देते. आणि एक सांगायचं होतं. राग मानू नका. ट्रेनर म्हणाले, तुम्ही दोघं शिकलात तरी तुमची बिल्डिंग त्याला उलटं शिकवतेय. पुढचे दोन्ही पाय जमिनीवर असतील तरच लाड करायचे. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, ढकलायचंही नाही, कारण ढकलणं म्हणजे त्याला खेळ वाटतो. घरी तो चार दिवसांत बसायला लागला. खाली मात्र कट्ट्यावर गुडघ्यांवर चढला की बिस्किट मिळतं. मग लिफ्टपाशी तो तेच करणार. वहिनींच्या मुलीच्या हातातही डबा होता.

ए-३०२ आजी, ९:१५
कट्ट्यावर बिस्किट मी देते. सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घ्यायचं तर सरळ घे.

बी-४०४ लाडूची आई, ९:१६
आजी, तुम्ही त्याच्यावर माया करता म्हणूनच तो धावत येतो.

ए-३०२ आजी, ९:१९
सत्यनारायणाचा शिरा दिला तेव्हाही तोंड वाकडं केलं होतंस.

बी-४०४ लाडूची आई, ९:२१
त्यात बेदाणे होते आजी. बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं मी.

ए-३०२ आजी, ९:३०
मला कोणी सांगितलं नाही. आता काय देऊ?

बी-४०४ लाडूची आई, ९:३१
गाजराचा छोटा तुकडा. बसल्यावर. हात खाली धरून.

ए-१०१ नाना, ९:३४
सूचना म्हणजे कायदा नव्हे. २०१९ चा ठराव रद्द झालेला नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी कुठे जायचं? मला धक्का लागला तर?

बी-४०४ लाडूची आई, ९:३८
नाना, हे रास्त आहे. लिफ्टमध्ये कोणी असेल तर मी चढणार नाही, पुढच्या फेरीने येईन. सकाळी बसच्या वेळी जिन्यानेच.

बी-३०२ वहिनी, दुपारी १:४०
मुलीला शाळेतून आणून डॉक्टरांना दाखवलं. रक्त नाही, पण लस सुरू केली. कार्ड उपयोगी पडलं. ती विचारतेय, लाडूला मार पडला का.

बी-४०४ लाडूची आई, १:४२
अजिबात नाही. तिला सांगा. शनिवारी पाच वाजता ट्रेनर बागेत येणार आहेत, अनोळखी माणूस समोर आला की बसायचं, हेच शिकवणार आहेत. तिला यावंसं वाटलं तर यावं. नाही वाटलं तरी चालेल.

बी-३०२ वहिनी, १:५५
येऊ. पण लांब बाकावर बसणार, आणि ती म्हणेल तेव्हाच जवळ आणायचा. पट्टा आखूड धरा.

बी-४०४ लाडूची आई, १:५५
धरते, वहिनी.