मदत हवी आहे: बडोद्यात पहिलाच मेशटास्टिक नोड, गच्चीवर कोणता रोल ठेवू?

नमस्कार मंडळी,
ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं, तेव्हा आमच्या भागातली वीज गेली आणि मोबाईलची रेंजही. आई-बाबा दांडिया बाजारात, ताई समा भागात, आणि दोघांकडची खुशाली कळायला मार्ग नाही. तेव्हापासून नेटवर्कशिवाय चालणारं काहीतरी घरात असावं, हे डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून मेशटास्टिककडे वळलो: यात छोटे रेडिओ (नोड) मोबाईल नेटवर्कशिवाय एकमेकांमार्फत मेसेज पोचवतात.

हेल्टेक व्ही-३ या रेडिओ बोर्डांची जोडी, म्हणजे दोन नोड, आणली आहे. अँटेना लावल्याशिवाय करंट द्यायचा नाही, नाहीतर रेडिओची चिप जळू शकते, हे माहीत होतं म्हणून आधी तेच केलं. फर्मवेअर (बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर) ब्राउझरमधून चढवलं, रीजन ‘इंडिया’ केला (८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ), चॅनल मूळचा लाँगफास्टच ठेवला. घरात मेसेज लगेच जातो. पण एक नोड समाला नेला की ॲपवर पोचपावती येतच नाही. मध्ये सगळ्या तीन-चार मजली इमारती, जमीन सपाट, त्यामुळे उंची मिळाल्याशिवाय काम होणार नाही असं मला वाटतं.

म्हणून तिसरा नोड गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी पाइपाला बांधणार आहे. त्याचा रोल (नेटवर्कमधलं काम) क्लायंट, म्हणजे साधा नोड, ठेवू की राउटर, म्हणजे इतरांचे मेसेज पुढे पाठवण्याला प्राधान्य देणारा? तिथे सोलरवर चालवायचा तर हेल्टेकवरची ईएसपी३२ चिप फार बॅटरी खाते, म्हणून कमी वीज लागणाऱ्या एनआरएफ५२ चिपचा बोर्ड घ्यावा का? आणि पावसाळ्यात अँटेनाच्या कनेक्टरात पाणी जाऊ नये म्हणून तुम्ही काय लावता?

बडोद्यात कुणाचा नोड चालू असेल तर कृपया भाग सांगा, मी त्या दिशेला अँटेना लावून बघेन.