मदत हवी आहे: माशाचं कातडं कमावताना कडक होतंय

मंडळी, मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते, पर्स-पाकिटं शिवते. मासळीवाल्याकडे कचऱ्यात जाणारी कातडी पाहून जीव हळहळतो. तिच्यातले धागे आडवे-उभे गुंतलेले असतात, म्हणून पातळ असूनही तिचं चामडं चिवट होतं.

रोहूच्या कातडीवर करून पाहिलं. खवले खरवडले, मीठ लावलं, बाभळीच्या सालीच्या काढ्यात आठ दिवस ठेवलं. खवल्यांच्या खाचांची नक्षी इतकी सुरेख उमटली, की कितीतरी वेळ हात फिरवत बसले! पण वाळल्यावर पापडासारखं कडक, आणि वासही जाईना.

माशाचं कातडं उष्णतेनं पटकन आकसतं. माझा काढा कोमट होता, तिथेच चुकलं का? तेल ओलसर असतानाच चोळायचं की वाळल्यावर? सालीनं चामडं कमावणारे कुणी कारागीर बडोद्याच्या आसपास माहीत असतील तर कृपया कळवा, मी स्वतः जाऊन शिकेन.