शेवटच्या तीन महिन्यांत विश्वास ठेवला म्हणून तारण, मग मावशीनं सोसलं त्याचं काय?

खानापूरकडची:

नमस्कार सगळ्यांना. मी ख्रिस्ती नाही, आमचं घर वारकरी, आजोबांपासून गळ्यात माळ. वाद घालायला विचारत नाही, दोन महिने झाले डोक्यातून जाईना म्हणून विचारतेय.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे, भिंतीला भिंत. काकांनी आयुष्यभर दारू पिली, मावशीला मारायचे, तांदळाच्या डब्यात लपवलेले पैसे पण काढून न्यायचे. लहान असताना कितीतरी रात्री मावशी आमच्या परड्यात येऊन बसलेली बघितलीय, आई चहा करून द्यायची आणि दोघी गप्प बसायच्या. मागच्या वर्षी काकांचं लिव्हर गेलं. शेवटचे तीन महिने पाळक घरी यायला लागले, काका रडायचे, प्रार्थना करायचे, मला पापक्षमा पाहिजे म्हणायचे. मातीला आम्ही सगळे गेलो होतो, तिथं पाळक म्हणाले आपला भाऊ कृपेनं तारला गेलाय, त्याच्या कर्मानं नाही, विश्वासानं. सगळे आमेन म्हणाले. मावशी खाली बघत होती.

आमच्या अप्पांनी सोसायटीचं कर्ज ऊस गेला की दरवर्षी वेळेत भरलं आणि ज्यांनी भरलंच नाही त्यांचं एकदा माफ झालं, तेव्हा अप्पा दोन दिवस नीट जेवले नव्हते. मला त्या दिवशी तसंच वाटलं ओ. चाळीस वर्षांचं मारणं तीन महिन्यांच्या रडण्यानं माफ होतं का? तुमच्यात तारण, म्हणजे पापातून सुटका, नक्की काय असतं, कोणीतरी नीट सांगा की.

कॅम्पातला मास्तर:

पोरी, मी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ, शाळेत मास्तर होतो, आता रिटायर. कर्जमाफीचं उदाहरण तू दिलंस ते येशूनं स्वतःच दिल्यासारखं आहे. बायबलात मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याची गोष्ट आहे, सकाळपासून राबलेल्या मजुरांना आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, आणि सकाळचे मजूर कुरकुर करतात. तुझ्या अप्पांची कुरकुर त्या गोष्टीत आहे. म्हणजे पहिल्यापासून हे ऐकणाऱ्याला टोचलेलंच आहे, तुला टोचलं यात तुझं काही चुकलं नाही.

आता पाळक जे म्हणाले ते बायबलातल्या इफिसकरांस पत्रातलं, सुरुवातीचा प्रेषित पौल याच्या नावाचं, दुसरा अध्याय, आठ आणि नऊ ओवी. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान, कोणी आढ्यता मिरवू नये म्हणून कर्मांनी नाही. आमचे लोक इथंच थांबतात आणि मला त्याचा राग येतो. दहावी ओवी लगेच पुढं आहे की, सत्कर्मं करण्यासाठी आपल्याला घडवलंय म्हणून. दान मिळालं ते कशासाठी मिळालं हे तिथं लिहिलंय.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय बघ. जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशूला बघायला झाडावर चढला. येशू वर बघून म्हणाला खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी सुधार मग येतो असं म्हणाला नाही. पाहुणा आधी आला, ही कृपा. आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो, त्यावर येशू म्हणतो आज या घराला तारण झालं. परतफेडीनं त्यानं येशूला विकत घेतलं नाही, पण कृपा खरंच घरात शिरली म्हटल्यावर ज्याचं लुबाडलं त्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

आमचा मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला ते जॉन वेस्ली १७२८ ला पाद्री झाले, उपास, तुरुंगात जाऊन कैद्यांची सेवा, सगळं केलं, तरी भरवसा नव्हता. २४ मे १७३८ ला लंडनच्या एका सभेत जर्मन धर्मसुधारक ल्यूथरची, पौलाच्या रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात होती तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की ख्रिस्तानं माझं पाप, माझंसुद्धा, उचललंय. आणि त्यानंतर पन्नास वर्षं हा माणूस घोड्यावरून गावोगाव फिरला. भरवसा आल्यावर तो घरी बसला नाही एवढंच सांगायचंय.

निपाणीचा:

मास्तर, चांगलं सांगितलंत. मी पण वारकरीच. आपल्याकडं पण हा जुना प्रश्न आहे की, मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते, पिल्लू नुसतं लोंबकळतं. ख्रिस्ती लोकांचं मला मांजरासारखं वाटतं. आणि ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, ते मला आधी समजायचं नाही, आता थोडं समजायलंय.

पण माझी अडचण वेगळी आहे. सगळंच फुकट असेल तर चांगलं वागायचं कशाला? शेवटी बघून घेऊ म्हणतील की लोक.

नंदगडचा कॅथलिक:

निपाणीकर, हाच प्रश्न पौलाला पण विचारला होता लोकांनी, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय, आणि लगेच म्हणतो कधीच नाही. आणि बायबलातलंच दुसरं पत्र लिहिणारा याकोब तर सरळच सांगतो, कर्माशिवाय विश्वास मेलेला, देव एकच आहे असा विश्वास भुतं पण धरतात आणि थरथरतात. गंमत बघा, पौल आणि याकोब दोघेही जुन्या करारातल्या मूळपुरुष अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल त्याच्या आधीच्या भरवशाकडं बोट दाखवतो, मुलगा झाला पण नव्हता तेव्हाच्या, आणि याकोब मुलाला वेदीवर नेलं त्या नंतरच्या दिवसाकडं. माणूस एकच.

ताईंना आमच्याकडचं सांगतो. आमच्यात कुमसार असतं, फादरपुढं पाप कबूल करायचं. फादर क्षमा देतात आणि प्रायश्चित्त पण देतात. आमच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे, क्षमेनं पाप जातं पण पापानं जे मोडलं ते आपोआप जुळत नाही, चोरलं असेल तर परत द्यायचं, बदनामी केली असेल तर नाव भरून द्यायचं. आणि मेल्यावर पण शुद्ध होणं बाकी असतं असं आम्ही मानतो, म्हणून आम्ही मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांगतो. मास्तरांच्या चर्चमध्ये हे मानत नाहीत मला माहीत आहे.

तारण कृपेनं की कर्मानं यावरून युरोपात केवढी फूट पडली, १५१७ मध्ये ल्यूथरनं आवाज उठवला तेव्हापासून. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथाच्या, लोकांनी एकत्र सही केली की आपल्यातल्या कुठल्याही पुण्यामुळं नाही, फक्त कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांना लावतो. २००६ मध्ये मेथडिस्ट पण त्यात आले. म्हणजे मास्तर आणि मी या एका गोष्टीवर भांडायचं कारण उरलं नाही.

खानापूरकडची:

खूप आभार सगळ्यांचे. जक्कयाचं ऐकून बरं वाटलं. पण मावशीला आता त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायला लागल्यात की देवानं माफ केलं तर तू कोण मनात धरणारी, तू पण माफ कर नाहीतर तुझंच तारण जाईल. परवा ती आईजवळ रडली. हे बरोबर आहे काय?

सिस्टर, बेळगाव:

अक्का, मी नर्स आहे, प्रोटेस्टंट घरातली, आणि हे वाचून हात थरथरायला लागले. त्या बायकांना कोणीतरी थांबवा. क्षमा करा हे येशूनं सांगितलंय, मी ते कमी करत नाही. पण क्षमा करणं म्हणजे काही झालंच नाही म्हणणं नव्हे. देवानं पाप क्षुल्लक समजून सोडलं असतं तर वधस्तंभ कशाला लागला असता? आम्ही मानतो ते हेच की त्या मारण्याची किंमत खरी होती, एवढी खरी की ती देवाच्या पुत्रानं भरली. मावशीच्या अंगावरचा प्रत्येक वळ त्यात मोजलेला आहे. त्या मातीच्या वेळी पाळकांनी हे पण एक वाक्य बोलायला पाहिजे होतं, मावशीकडं बघून.

आणि भीती घालून क्षमा वसूल करणं म्हणजे कृपेचं परत कर्म करून टाकणं. मावशीला पण कृपाच पाहिजे, मुदत नको. येशूच्या शेजारी वधस्तंभावर चढवलेला चोर शेवटच्या तासाला तारला गेला खरं, पण तो काय म्हणाला बघा, आम्हाला आमच्या कर्माचं योग्य फळ मिळतंय. त्यानं लपवलं नाही.

पंडिता रमाबाई आपल्या कर्नाटकातच जन्मल्या, १८५८ साली. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, नंतर मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि एवढं सगळं केल्यावर त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांना पण वर्षं लागली. मावशीला वेळ द्या, चहा द्या, तुमच्या आई देत होत्या तसाच. त्या बायकांपेक्षा तुमच्या आईनं तिला जास्त सांभाळलंय.

खानापूरकडची:

सिस्टर, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, आता लिहिते. जायच्या आधी पंधरा दिवस काकांनी मुलाला सांगून गाडी विकायला लावली, का तर लग्नानंतर वर्षभरातच मावशीच्या पाटल्या त्यांनी गहाण टाकून पिऊन टाकल्या होत्या, त्या सोडवून आण म्हणाले. मुलगा सोनाराकडं गेला तर त्या कधीच वितळवलेल्या. मग तेवढ्या पैशाच्या नव्या आणल्या. मावशीनं घातल्या नाहीत, पण परत पण दिल्या नाहीत, ट्रंकेत आहेत. मास्तर, हे जक्कयासारखं धरायचं काय?

कॅम्पातला मास्तर:

धरायचं, पोरी. मला तर वाचून भरून आलं. पाळकांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे, मातीला सांगायला पाहिजे होतं. पण मावशीला तू यातलं काही समजावायला जाऊ नको. येत्या रविवारी मी आणि आमची घरची मंडळी खानापूरला येणारच आहोत, चालत असेल तर मावशीकडं पण येतो. नुसतं भेटायला, प्रार्थना तिनं सांगितली तरच.