मदत हवी आहे: स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स, दोनपैकी कोणता कोर्स घेऊ?

धावपट्टी:
घाईत लिहितेय, समजून घ्या. स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्येच पूर्णवेळ करिअर करायचं नक्की आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक कोर्स वर्षाचा, नावातच स्पोर्ट्स न्यूट्रिशन. दुसरा दोन वर्षांचा, डायटेटिक्सचा, त्यात खेळाडूंच्या आहारावर जेमतेम एक पेपर. मला आजारी माणसांचे डाएट चार्ट करण्यात रस नाही, खेळाडूंबरोबर काम करायचंय. म्हणून पहिलाच घ्यावा असं वाटतं. पण एक सीनिअर "त्याचा पुढे उपयोग नाही" म्हणून डोक्यात भुंगा सोडून गेला, कारण काही सांगितलं नाही. शुक्रवारपर्यंत एका ठिकाणी होकार कळवून फी भरायची आहे. ज्यांनी हे शिकलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी प्लीज लिहा. "मनाचा कौल घे" वगैरे नको.

चौकस:
पदवी कशात आहे? नोकरी कुठल्या देशात करणार? वर्षाचा कोर्स प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

लोखंड:
मी स्ट्रेंथ कोच आहे, माझं स्पष्ट मत: दोन्ही नको. पदवी हातात आहे ना? मग इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनची सीआयएसएसएन परीक्षा द्या आणि उद्यापासून खेळाडूंबरोबर कामाला लागा. खेळाडू तुमची मार्कशीट बघत नाही. तो शेवटच्या सेटला दमला की नाही, एवढंच बघतो. दोन वर्षं वर्गात बसून जे कळणार नाही ते एका सीझनमध्ये कळतं.

वॉर्डातली:
लोखंड, हा सल्ला फार धोक्याचा आहे. मी हॉस्पिटलमध्ये डायटिशियन आहे. धावपट्टी ज्यांना "आजारी माणसं" म्हणतेय तीच माणसं ट्रॅकसूट घालून समोर येतात. टाइप १ डायबेटिस असलेला सायकलपटू येतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला गेलेली, सारखी दमणारी धावपटू येते. सहा महिने पाळी नाही आणि नडगीच्या हाडाला दुसऱ्यांदा स्ट्रेस फ्रॅक्चर, अशी मुलगी येते. तिला "प्रोटीन वाढव" सांगून भागणार आहे का? रिपोर्ट वाचता यायला हवेत, खाण्याशी नातं बिघडलंय का ते ओळखता यायला हवं, आणि कुठल्या क्षणी डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं तेही. हे परीक्षा देऊन येत नाही. धावपट्टीताई, डायटेटिक्सच घ्या.

लोखंड:
आणि वॉर्डातून थेट मैदानावर आलेली डायटिशियन मी पाहिली आहे. वेटलिफ्टिंगमध्ये स्पर्धेच्या दोन तास आधी वजनं सुरू होतात. मुलगा वजनगटात बसायला आदल्या दिवसापासून कोरडा पडलेला असतो. काट्यावरून उतरल्यापासून पहिल्या लिफ्टपर्यंत त्याला काय द्यायचं, किती, कुठल्या क्रमाने, म्हणजे पोटही जड होणार नाही? तिने "समतोल आहार" सांगितला. समतोल आहार चांगलाच आहे, पण तो त्या दीड तासात उपयोगाचा नाही.

वॉर्डातली:
तुमचा मुद्दा मान्य. पण तो डायटेटिक्स न शिकण्याचं कारण कसा होतो? डायटेटिक्सनंतर खेळ शिकायला हवा, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

धावपट्टी:
अहो, माझा प्रश्न कोर्सचा आहे. चौकस: पदवी बी.एस्सी. स्पोर्ट्स सायन्स. देश ठरलेला नाही, जिथे टीमबरोबर काम मिळेल तिथे जाईन. वर्षाचा कोर्स ऑनलाइन आहे, पण त्याने काय फरक पडतो? लेक्चर्स तीच असतात ना?

चौकस:
फरक पडतो तो इथेच. ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. म्हणजे तुम्ही डायटिशियन नाही, आणि पहिला कोर्स करूनही बहुधा होणार नाही. बरोबर?

धावपट्टी:
डायटिशियन नाही. स्पोर्ट्स न्यूट्रिशनिस्ट व्हायचंय. ते वेगळं असतं ना?

सकाळचा_धावक:
धागा छान चालला आहे. मी ४८ वर्षांचा आहे, रोज सकाळी दहा किलोमीटर धावतो. जिममधला मुलगा ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर घे म्हणतो, मेहुणा म्हणतो किडनी जाते. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो, घ्यावं का?

लोखंड:
घ्या. रोज ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीला जास्त मात्रा घ्यायची, म्हणजे लोडिंगची, गरज नाही.

वॉर्डातली:
असं सरसकट "घ्या" म्हणू नका हो. धावक, निरोगी माणसाच्या किडनीला नेहमीच्या मात्रेत क्रिएटिनने अपाय होतो असं दिसलेलं नाही. पण आधीपासून किडनीचा आजार, बीपी किंवा डायबेटिस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि क्रिएटिन चालू असताना रक्तात क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीत बघतात ते) थोडं वाढलेलं दिसू शकतं. तपासणीच्या वेळी सांगितलं नाहीत तर डॉक्टरही घाबरतील आणि तुम्हीही. शिवाय लांब धावण्यात त्याचा फायदा मर्यादित आहे, काही जणांचं तर वजन थोडं वाढतं.

कॅलिपर:
मी एका संघाचं पोषण बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्रिएटिनसाठी कृपया वेगळा धागा काढा.

धावपट्टी, तुम्ही "ते वेगळं असतं ना" विचारलंत, सगळी मेख तिथेच आहे. ब्रिटनमध्ये डायटिशियन ही उपाधी कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही. न्यूट्रिशनिस्ट राखीव नाही, कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून खेळासाठी एसईएनआर (स्पोर्ट अँड एक्सरसाइज न्यूट्रिशन रजिस्टर) हे वेगळं रजिस्टर आहे. ते ऐच्छिक आहे, पण नोकरीच्या जाहिरातीत ते मागितलेलं दिसतं. तिथे डायटिशियन न होताही चांगलं काम करता येतं, फक्त तुमचा कोर्स त्यांच्या निकषांत बसायला हवा. अमेरिकेत रस्ता निराळा: आधी रजिस्टर्ड डायटिशियन (आरडी), मग काही काळ खेळाडूंबरोबर प्रॅक्टिस, मग सीएसएसडी हे क्रीडा-आहारातल्या तज्ज्ञाचं प्रमाणपत्र. त्या आरडी परीक्षेला बसायलाच १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स लागतं, आणि नुसतं मास्टर्स पुरत नाही, मान्यताप्राप्त डायटेटिक्सचा अभ्यासक्रम आणि देखरेखीखालची प्रॅक्टिस वेगळी दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियात स्पोर्ट्स डायटिशियन्स ऑस्ट्रेलियाची मान्यता मिळवायची तर आधी डायटिशियन असावं लागतं. भारतात इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी परीक्षा आहे, तिथेही क्लिनिकल इंटर्नशिपला महत्त्व. म्हणजे देश ठरलेला नसेल तर डायटेटिक्सने जास्त दारं उघडी राहतात. तुमचा सीनिअर बहुधा हेच अर्धवट बोलून गेला.

आता ऑनलाइनने काय फरक पडतो ते. घामाच्या चाचणीचं उदाहरण घ्या. ९० मिनिटांचा सराव, आधी वजन ६८.४ किलो, नंतर ६७.२, मधे ५०० मिली पाणी प्यायला. म्हणजे घाम १.७ लिटर, तासाला साधारण १.१. हे गणित शाळकरी मूलही करेल. मैदानावर काय होतं? खेळाडू ओल्या टी-शर्टसकट काट्यावर चढतो. दुसऱ्याची बाटली उचलून पितो. निम्मं पाणी डोक्यावर ओततो. सरावाच्या मधेच लघवीला जाऊन येतो आणि सांगत नाही. तुम्ही नजर ठेवून प्रत्येक गोष्ट टिपली नाहीत तर तो १.७ चा आकडा कागदावर ठीक दिसतो आणि असतो चुकीचा.

त्वचेखालच्या चरबीच्या मापाचंही तेच. आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत उजवीच बाजू मोजतात, आधी पेनाने खूण करतात, चिमटीपासून एक सेंटिमीटर अंतरावर कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावतात आणि दोन सेकंदांनी आकडा वाचतात. आठ ठिकाणं. खूण थोडी सरकली तरी आकडा बदलतो, आणि पुढच्या महिन्यात खेळाडूला "चरबी वाढली" असं खोटंच कळतं. एखाद्या सोळा वर्षांच्या जिम्नॅस्टच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, तो मी जवळून पाहिला आहे. हे कुणाच्या तरी देखरेखीखाली हाताला वळण लागेपर्यंत करावं लागतं. कोर्समध्ये ते कुठे होणार, हे दोन्हीकडे विचारा.

लोखंड:
हे मात्र शंभर टक्के पटलं. मैदानावरचे तास महत्त्वाचे, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

वॉर्डातली:
तुम्ही "मास्टर्स नको" म्हणत होता.

शोधनिबंध:
मास्टर्सच्या दोन्ही कोर्सपेक्षा संशोधनाचं मास्टर्स करून पीएचडीकडे वळा. फेलोशिप मिळते. महिला खेळाडूंवरचं संशोधन पुरुषांच्या तुलनेत अजून तोकडं आहे, म्हणजे कामाला भरपूर वाव. रेड-एसचंच बघा, म्हणजे सरावाच्या मानाने खाणं कमी पडून शरीरावर होणारे परिणाम. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने (आयओसी) ही संज्ञा २०१४ मध्ये मांडली, २०२३ मध्ये पुन्हा सुधारित निवेदन आलं. आधी फॅट-फ्री मासच्या (चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या) दर किलोमागे दिवसाला, व्यायामाचा खर्च वजा जाता, ३० किलोकॅलरी ही एकच रेघ सगळे धरून बसायचे, आता ती सगळ्यांना सारखी लागू होत नाही असं मानतात. मार्गदर्शक शोधायला मदत करेन.

धावपट्टी:
धन्यवाद, पण पीएचडी करायची नाही. मला खेळाडूंबरोबरच काम करायचंय.

मध्यरेषा:
मी ऑनलाइन मास्टर्स केलंय, स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्येच. अभ्यासक्रम उत्तम होता. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून अडीच तासांपुढच्या शर्यतीत दोन्ही मिळून ताशी ९० ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट चालतं आणि नुसत्या ग्लुकोजने ६० च्या आसपास गाडं अडतं. असल्या गोष्टी मुळापासून कळल्या. पण मी त्याआधीच डायटिशियन होते आणि एका क्लबमध्ये अर्धवेळ काम चालू होतं. सोमवारी शिकलेलं गुरुवारी सरावात वापरून बघायचे. तुमच्या जागी नोंदणी आणि मैदान दोन्ही नसेल तर तोच कोर्स अर्धा वाटेल. आयओसीचा स्पोर्ट्स न्यूट्रिशन डिप्लोमाही दूरस्थ आहे, दोन वर्षांचा, अर्धवेळ. तो डायटेटिक्सनंतर नोकरी सांभाळून करता येईल.

चौकस:
वर्षाच्या कोर्सची मॉड्यूल हँडबुक वाचली का? देखरेखीखालचे तास किती लिहिलेत?

धावपट्टी:
आत्ता वाचली आणि समन्वयकांना मेलही केला, लगेच उत्तर आलं. प्लेसमेंट "विद्यार्थ्याने स्वतः शोधावी", श्रेयांक नाहीत. हा कोर्स करून डायटिशियनची नोंदणी मिळत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. डायटेटिक्सवाल्यांना फोन केला. माझ्या पदवीत फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री आहे, ते चालतं. अन्नशास्त्राचा एक ब्रिज पेपर पहिल्या सत्रात द्यावा लागेल. हॉस्पिटल इंटर्नशिप सक्तीची, पण शेवटचे काही आठवडे विभाग आपण निवडायचा.

कॅलिपर:
ते शेवटचे आठवडे महत्त्वाचे. क्रीडा वैद्यक विभाग किंवा एखादी अकादमी घेता येईल का, ते आजच लेखी विचारा. प्रवेश घेतल्यावर विचारलंत तर जागा भरलेल्या असतात. आयसॅक लेव्हल १ पहिल्या सुट्टीत उरकून टाका. आणि वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) बंदी यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते, ती आत्तापासून वाचायची सवय लावा. सप्लिमेंटमध्ये भेसळ निघाली तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात, आणि ते त्याला तुम्हीच सांगितलेलं असतं. बॅचची तपासणी झालेलं उत्पादन कसं ओळखायचं, हे मुलाखतीत हमखास विचारतात.

लोखंड:
डायटेटिक्स घेत असाल तर शनिवारी-रविवारी कुठल्यातरी कोचच्या हाताखाली उभ्या राहा. दोन वर्षं मैदानापासून लांब राहू नका. माझा विरोध तेवढ्यापुरताच आहे.

धावपट्टी:
डायटेटिक्सला होकार कळवतेय. इंटर्नशिपचं विचारणारा मेल आत्ता पाठवला. वॉर्डातली, रिपोर्ट वाचायला सुरुवात कुठून करू, तुम्हाला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

सकाळचा_धावक:
वेगळा धागा काढला आहे. वॉर्डातली ताई, बीपीची गोळी चालू आहे हे लिहायचं राहिलं होतं, तिकडे बघाल का?