लहान मुलांना कठीण शास्त्रभाग समजावताना : अनुभव धागा

संडे स्कूलच्या शिक्षकांना आणि उपासनेत मुलांना शेजारी घेऊन बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे, की बायबलमधील जो भाग समजावणे अवघड गेले तो येथे लिहावा आणि मुलांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत द्यावा. आपण ज्या शंकेचे उत्तर देत असतो, ती पुष्कळदा त्यांची नसतेच.

संडे स्कूलच्या एक शिक्षिका :
उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवतो, हे ऐकून एका मुलीने विचारले, "देवाने सांगितले तर माझे पप्पाही मला असे नेतील का?" अब्राहामाचा विश्वास किती थोर होता, हे तिला ऐकायचे नव्हते, आपल्या घरी आपल्याला धोका नाही ना, एवढेच तिला हवे होते. म्हणून मी आधी स्पष्ट "नाही" म्हणाले आणि मगच सांगितले, की येथे देवाचा दूतच अब्राहामाचा हात थांबवतो आणि पुढे लेवीय या पुस्तकात मोलख या परक्या दैवताला मुले अर्पण करण्यास सक्त मनाई केलेली आहे. वाटेत इसहाकानेही "होमासाठी कोकरू कोठे आहे?" असे वडिलांना विचारले होते, हे मी आता मुद्दाम सांगते. प्रश्न विचारणारे मूल शास्त्रातच भेटल्यावर वर्गातली मुले मोकळी होतात.

एक आजोबा :
नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट ऐकून "तारवात नसलेल्या बाळांचे काय झाले?" असे नातवाने विचारले. ती मरण पावली, असेच मी सांगितले आणि त्याला जवळ घेतले. खोट्या दिलाशाने मुलांचा आपल्यावरचा विश्वास उडतो, असे माझे ठाम मत आहे.

एक पाळक :
137 वे स्तोत्र मंडळीत वाचले गेले आणि शत्रूंची बालके खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारे शेवटचे वचन मुलांनीही ऐकले. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि लोकांना बंदिवासात नेले. त्या लोकांचा हा संताप आहे, देवाची आज्ञा नव्हे, हा भेद मुलांना सहज समजला. रागही देवापुढे बोलता येतो, हे त्यांना नवीन होते.

एक आई, जी संडे स्कूलही घेते :
इफ्ताहाने नवसापायी आपल्या मुलीचे अर्पण केल्याची शास्ते पुस्तकातील गोष्ट मी लहान वर्गात घेत नाही. हेरोद राजाने बेथलेहेमातील बालकांना मारल्याचा मत्तयाच्या शुभवर्तमानातील भाग मात्र मोठ्या मुलांसमोर वाचते, कारण तो नाताळच्या कथेचाच भाग आहे. तेथे इस्राएलाची पूर्वमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. त्या ओळीला मी कोणताही बोध जोडत नाही, मुलांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवते आणि नंतर मिसर देशात आश्रयाला गेलेल्या येशूच्या कुटुंबाकडे वळते.